कॉलेज फुटबॉलमध्ये एखाद्या टीमचा रनिंग गेम खरंच दमदार आहे का, हे कसं ओळखायचं?

अमेरिकन कॉलेज फुटबॉलबद्दल विचारताय ना, मग नुसते एकूण रशिंग यार्ड (बॉल घेऊन पळत काढलेलं अंतर) बघून ठरवू नका, कारण पुढे असलेली टीम वेळ काढायला शेवटी रनच करत राहते आणि आकडा फुगतो. यार्ड पर कॅरी, म्हणजे बॉल घेऊन एकदा पळण्यामागे सरासरी किती यार्ड मिळाले, ते बघा. पण तिथेही एक गोम आहे, कॉलेजच्या हिशोबात क्वार्टरबॅक (पास फेकणारा खेळाडू) सॅक झाला, म्हणजे पास टाकायच्या आधीच पाडला गेला, की गेलेले यार्ड रशिंगमधून वजा होतात (प्रो लीग एनएफएलमध्ये पासिंगमधून), म्हणून आधी सॅक बाजूला काढा आणि मगच सरासरी लावा, नाहीतर चांगली टीमपण उगाच कमजोर दिसते.

माझ्या मते खरी परीक्षा थर्ड अँड वनला, म्हणजे तिसरा प्रयत्न आणि फक्त एक यार्ड हवा असताना. समोरच्यांना माहितीये रन येणार, तरी ऑफेन्सिव्ह लाइन (वाट मोकळी करणारे पुढचे खेळाडू) त्यांना ढकलून फर्स्ट डाउन, म्हणजे नवे चार प्रयत्न, मिळवते का?

आणि समोर कोण होतं तेही बघाच. २०२४ च्या सीझनमध्ये बॉयसी स्टेटच्या रनिंग बॅक (बॉल घेऊन पळणारा खेळाडू) अ‍ॅश्टन जेंटीने ३७४ कॅरीत २६०१ यार्ड काढले, जबरदस्तच, पण फिएस्टा बोल या सामन्यात पेन स्टेटच्या डिफेन्सपुढे त्यालाच ३० कॅरीत १०४ मिळाले.