आरमधल्या लिस्टमधून घटक काढताना लूप का फसतो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यातल्या सहा पर्जन्यमापन केंद्रांचे तक्ते तुम्ही आर या प्रोग्रॅमिंग भाषेत ‘केंद्रे’ या लिस्टमध्ये (घटकांच्या क्रमवार यादीत) भरलेत. क्रम शिवाजीनगर, पाषाण, लोहगाव, चिंचवड, लवळे, मगरपट्टा. त्यातले लोहगाव आणि चिंचवडचे तक्ते एकही ओळ नसलेले आले. फॉर लूप (एकेक घटक ओळीने तपासणारी पुनरावृत्ती) लावून, शून्य ओळी दिसल्या की त्या घटकाला नल (आरमधलं ‘काहीच नाही’) द्यायचं, असं तुम्ही केलंत. लोहगाव गेलं, चिंचवड तसंच राहिलं, आणि शेवटी ‘सबस्क्रिप्ट आउट ऑफ बाउंड्स’ म्हणून आर थांबलं.

(फंक्शनांची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहितोय.)

नल दिल्यावर घटक लिस्टमधून जातो, हे तुमचं बरोबर आहे. पण रांगेतला एक जण निघून गेला की मागचे पुढे सरकतात, तसंच इथे होतं. लूप ३ वर असताना लोहगाव गेलं आणि चिंचवड ४ वरून ३ वर आलं. लूप मात्र ४ वर गेला, तिथे आता लवळे आहे. म्हणजे चिंचवड तपासलंच गेलं नाही. ५ वर मगरपट्टा तपासलं गेलं. १ ते ६ ही आकड्यांची मालिका लूप सुरू होतानाच ठरलेली असते, म्हणून तो ६ वरही जातो. तोवर लिस्टमध्ये पाचच घटक उरलेत, त्यामुळे एरर.

लूप ६ पासून १ पर्यंत उलटा फिरवलात तर काम होईल. तरी माझं स्पष्ट मत आहे की लूप नकोच. आधी काय काढायचं ते ठरवा, मग एकाच फटक्यात काढा. व्हॅप्लायने (प्रत्येक घटकाला तोच प्रश्न विचारणारं फंक्शन) प्रत्येक तक्त्याचा एनरो (ओळींची संख्या) शून्य आहे का ते विचारा. उत्तर येईल फॉल्स, फॉल्स, ट्रू, ट्रू, फॉल्स, फॉल्स. ते ‘रिकामे’ नावाने ठेवा आणि पुढची ओळ लिहा; तिच्यातलं उद्गारचिन्ह म्हणजे ‘नाही’, म्हणून रिकामे नसलेलेच उरतात:

केंद्रे <- केंद्रे[!रिकामे]

डावीकडचं ‘केंद्रे <-’ विसरू नका. नुसतं कंसातलं लिहिलं तर नवी लिस्ट स्क्रीनवर दिसते, मूळ लिस्ट बदलत नाही.

आता सगळ्यात घातक सापळा. बरेच जण हेच काम असं करतात:

केंद्रे <- केंद्रे[-विच(रिकामे)]

विच ट्रू असलेल्या जागांचे क्रमांक देतं आणि वजा म्हणजे त्या जागा वगळा, म्हणून आज हे अगदी बरोबर चालेल. पण ज्या महिन्यात सगळे तक्ते भरलेले येतील, तेव्हा विच शून्य लांबीचा व्हेक्टर (आकड्यांची मालिका) देईल. त्याला वजा लावलं तरी तो शून्य लांबीचाच राहतो, आणि आर त्याचा अर्थ ‘काहीच घेऊ नका’ असा लावतं. सहाही केंद्रं गायब. एरर नाही, वॉर्निंगही नाही! उद्गारचिन्हाच्या रीतीत हा धोका नाही, अटीत बसणारेच घटक ठेवणाऱ्या फिल्टर फंक्शनमध्येही नाही.

‘पर’ नावाच्या पॅकेजातलं (आरला जोडायच्या फंक्शनांच्या संचातलं) कॉम्पॅक्ट हे फंक्शनही कोणी सुचवेल. ते लांबी शून्य असलेले घटक काढतं. पण डेटा फ्रेमची, म्हणजे आरमधल्या तक्त्याची, लांबी म्हणजे कॉलमांची संख्या. लोहगावच्या तक्त्यात ओळी नसल्या तरी तारीख आणि पाऊस हे दोन कॉलम आहेत, लांबी २, त्यामुळे तो हलणार नाही.

नावाने काढायचं असेल तर केंद्रे[["लोहगाव"]] <- नल पुरेसं आहे. मात्र नावात एक अक्षर चुकलं तर काहीच निघत नाही आणि आर तक्रारही करत नाही. तेच नाव दोनदा असेल तर फक्त पहिला घटक जातो. म्हणून काढण्याआधी आणि नंतर लिस्टची लेंग्थ (घटकांची संख्या) बघाच.

शेवटी एक विनंती. नोंद न येणं म्हणजे पाऊस न पडणं नव्हे. पावसाळ्यात लोहगाव आणि शिवाजीनगरचे त्याच दिवसाचे आकडे बरेच वेगळे असू शकतात. चार केंद्रांची सरासरी ‘पुण्याची सरासरी’ म्हणून देणार असाल, तर कोणती दोन वगळली ते तक्त्याखाली लिहा. नकाशासाठी सहाही जागा हव्या असतील तर घटक काढूच नका, जागा रिकामी ठेवा:

केंद्रे["लोहगाव"] <- लिस्ट(नल)

इथे कंस एकेरी आहे आणि नल लिस्टमध्ये गुंडाळलेलं आहे. त्यामुळे नाव आणि क्रम टिकतो, आत फक्त नल राहतं. चिंचवडलाही हेच करा. पुढे एनरो विचाराल तेव्हा अशा घटकांसाठी उत्तरही नलच येईल, तेव्हा आधी इज-नलने तपासून घ्या.