वाचक विचारतात : हिरवा ठिपका आणि दुधाशिवायचं घर

प्रश्न : मुलगी व्हीगन झाली आहे, म्हणजे दूध-मधासकट प्राण्यांपासूनचं काहीच खात नाही. हिरवा ठिपका बघून आणलेली बिस्किटंही ती खात नाही. मग तो ठिपका असतो कशासाठी? (राजारामपुरी, कोल्हापूर)

उत्तर : मुलीचं बरोबर आहे. तो ठिपका शाकाहाराचा, आणि आपल्या नियमांतल्या शाकाहारात दूध, मध, मधमाश्यांचं मेण, लाख (किड्यांपासून मिळणारी राळ) हे सगळं बसतं. एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२२ मध्ये व्हीगन अन्नासाठी वेगळे नियम केले. त्यांत प्राणिजन्य घटक तर नाहीच, प्रक्रियेपुरता वापरलेला प्राणिजन्य पदार्थही चालत नाही. मंजुरी मिळालेल्या पाकिटावर चौकोनात हिरवा ‘व्ही’ आणि वर पान असं चिन्ह येतं. गेल्या काही वर्षांत व्हीगन चळवळीने मिळवलेल्या गोष्टींपैकी किराणा भरताना खरी उपयोगी पडणारी हीच.

चिन्ह नाही म्हणून पोहे-डाळी बाद होत नाहीत. बिस्किटं-चॉकलेटं घेताना मात्र घटकांची यादी वाचा : मिल्क सॉलिड्स, व्हे, केसीन हे सगळे दुधातलेच. घटकांच्या आकड्यांत ९०१ म्हणजे मधमाश्यांचं मेण, ९०४ म्हणजे लाख. चकचकीत गोळ्यांवर तिचाच थर असतो.

प्रश्न : मटणाशिवाय पांढरा रस्सा केला. पाणचट झाला, शिवाय फुटला. (कागल)

उत्तर : मटणाच्या अळणीला, म्हणजे मटण शिजवलेल्या पाण्याला, दाटपणा हाडांतून उतरतो. तो इथे काजू-तिळांतून आणायचा. चौघांसाठी १५-१६ काजू, दोन चमचे पांढरे तीळ, एक चमचा खसखस अर्धा तास गरम पाण्यात भिजवून गंधासारखं वाटा. खसखस नीट भिजली नाही तर रस्सा जिभेला खरखरीत लागतो. तीळ भाजू नका, रंग जातो.

२०० ग्रॅम अळंबी, एक कांदा, आलं-लसूण पाऊण लिटर पाण्यात अर्धा तास उकळून गाळा. अळंबीमुळे पाण्याला थोडा रंग येतो, तो वाटण आणि नारळाच्या दुधात झाकला जातो. तुपाऐवजी शेंगतेल घ्या. दालचिनी, लवंग, मिरी अख्खीच टाका, पूड घातली की रस्सा करडा होतो. उभ्या चिरलेल्या हिरव्या मिरच्या आणि वाटण मंद आचेवर परता, लाल होऊ देऊ नका. मग गाळलेलं पाणी आणि नारळाचं दुसरं, पातळ दूध दोन वाट्या घालून दहा मिनिटं उकळा.

पहिलं, घट्ट दूध एक वाटी अगदी शेवटी, आच बारीक करून. त्यानंतर उकळी आली की नारळातली प्रथिनं गोळा होतात, तेल वर येतं, आणि तुमचं बहुतेक इथेच बिनसलं. लिंबू पातेल्यात नको, ताटात पिळा. उरलेला रस्सा थेट आचेवर न ठेवता गरम पाण्यात भांडं ठेवून तापवा.

प्रश्न : सोया दूध घातलं की चहा नासतो. गंगावेशीच्या कट्ट्यावर धारोष्ण दूध पिणाऱ्यांच्या घरात रोज थट्टा होते! (गंगावेस)

उत्तर : चहाचा आंबटपणा आणि उकळता ताप एकदम भेटले की सोयाची प्रथिनं गोठतात. आलं-साखर घालून चहा उकळा, गाळा, दोन मिनिटं थांबा. दूध वेगळं गरम करा आणि दुधात चहा थोडा थोडा ओता. चहात दूध नव्हे.

प्रश्न : ‘प्राण्यांवर चाचणी नाही’ असं लिहिलेला साबण व्हीगन समजायचा का? (शाहूपुरी)

उत्तर : नाही. सौंदर्यप्रसाधनांच्या प्राण्यांवरील चाचण्यांवर भारतात २०१४ पासून बंदी आहे, पण ती चाचणीपुरती. घटकांबद्दल ती काही सांगत नाही. यादीत सोडियम टॅलोवेट दिसलं तर ती जनावराची चरबी, लॅनोलिन दिसलं तर मेंढीच्या लोकरीतलं मेण.