सैनिकांना नेणारं भाड्याचं विमान पडलं तर जबाबदार कोण, कंपनी की सरकार?

तुम्ही विचारलंय की सैन्याने खासगी कंपनीचं विमान चार्टर केलं आणि त्याला अपघात झाला तर चौकशी कोण करतं, आणि मुळात सरकार आधीपासून काही लक्ष ठेवतं का. मी एअरफोर्सवाला वगैरे नाही, अपघातांचे रिपोर्ट वाचायचा नाद आहे, त्यातून जे कळलंय ते सांगतो.

चौकशीचं सोपं आहे. विमान सिव्हिल रजिस्ट्रेशनचं असेल तर बहुतेक वेळा जिथे पडलं त्या देशाची यंत्रणा चौकशी करते, विमानाचा देश आणि बनवणारा देश सोबत असतात. घोडं पेंड खातं ते लक्ष ठेवण्यात. लायसन्स एक देश देतो, विमान दुसराच वापरतो, पैसे तिसऱ्याच ऑफिसातून जातात आणि जो तो समजतो की तपासणारा दुसरा कोणीतरी असेलच.

याचं सगळ्यात वाईट उदाहरण म्हणजे स्पेनचं याक-42 प्रकरण (याक-42 हे सोव्हिएत बनावटीचं प्रवासी विमान). 26 मे 2003 ला अफगाणिस्तानातली ड्यूटी संपवून 62 स्पॅनिश सैनिक घरी निघाले होते, तेल भरायला तुर्कस्तानात ट्राबझोनला उतरायचं होतं, धुक्यात विमान डोंगरावर आदळलं आणि क्रूचे 13 धरून सगळे 75 जण गेले. विमान युक्रेनच्या कंपनीचं. पण स्पेनने ते थेट त्या कंपनीकडून घेतलंच नव्हतं, नाटोच्या नाम्सा नावाच्या पुरवठा एजन्सीमार्फत कंत्राट दिलं, तिथून एका ब्रोकरकडे, तिथून पोटकंत्राट, परत पोटकंत्राट. आपल्याकडच्या रस्त्याच्या कामासारखंच, खडी टाकणाऱ्यापर्यंत पोचेपर्यंत पैसे किती उरतात ते तुम्हाला माहितीच आहे. स्पॅनिश पेपरांत आलेला आकडा असा की स्पेनने मोजले दीड लाखाच्या आसपास युरो आणि विमानवाल्याच्या हातात पडले चाळीस हजाराच्या आत. पुढे कळलं की कॉकपिटमधला आवाज रेकॉर्ड करणारं यंत्र आधीपासूनच बंद होतं, म्हणजे शेवटच्या मिनिटांत पायलट काय बोलत होते ते कोणालाच ऐकता आलं नाही.

आता कोणी म्हणेल, बाबा मंत्रालयाला काय स्वप्न पडणार होतं का? तर पडायची गरजच नव्हती. अशा विमानांबद्दल सैनिकांच्या तक्रारी आधीच गेल्या होत्या, आणि अपघाताच्या महिनाभर आधी लष्कराच्याच एका गुप्तचर विभागाने लिहून दिलं होतं की जुन्या सोव्हिएत देशांतली ही भाड्याची विमानं वापरण्यात मोठा धोका आहे. मेलेल्यांपैकी एका अधिकाऱ्याने तर घरी मेल केली होती की या विमानांचे नुसते टायर बघितले तरी छातीत धडधडतं. म्हणजे फुकटचं सेफ्टी ऑडिट हातात होतं, फक्त ते वाचून फ्लाइट थांबवायची हे कोणाच्या कामात बसत नव्हतं.

त्यानंतर जे केलं ते तर संतापजनकच आहे. अंत्यसंस्कार उरकायची एवढी घाई की 30 मृतदेहांची ओळख चुकली, भलत्याच घरी भलतीच शवपेटी गेली, घरच्यांनी पाठपुरावा करून डीएनए टेस्ट करायला लावल्या तेव्हा ते बाहेर आलं. त्याबद्दल 2009 मध्ये लष्कराच्या एका डॉक्टर जनरलला आणि त्याच्या हाताखालच्या दोघांना शिक्षा झाली. पण विमान भाड्याने घेण्याच्या व्यवहारासाठी? एकालाही नाही, ती केस कोर्टाने बंद केली. तेव्हाचे संरक्षणमंत्री फेदेरिको त्रियो नंतर लंडनला राजदूत होऊन बसले. शेवटी स्पेनच्या कौन्सिल ऑफ स्टेटने, म्हणजे सरकारला सल्ला देणाऱ्या सर्वोच्च संस्थेने, ऑक्टोबर 2016 मध्ये सांगितलं की धोका कळण्याइतकी माहिती मंत्रालयाकडे होती, जबाबदारी मंत्रालयाचीच. ते जानेवारी 2017 मध्ये बाहेर फुटलं, त्रियोंनी राजदूतपद सोडलं आणि नव्या संरक्षणमंत्र्यांनी सरकारतर्फे माफी मागितली.

अमेरिकेत हे थोडं वेगळं आहे, तिथे कायदा आहे, पण तोही बैल गेल्यावर झोपा केल्यासारखाच आला. डिसेंबर 1985 मध्ये कॅनडात गँडरला एक चार्टर डीसी-8 प्रवासी विमान टेकऑफनंतर लगेच पडलं, इजिप्तमधल्या सिनाईहून ख्रिसमसला घरी निघालेले 248 सैनिक आणि 8 क्रू गेले. ते विमानही पेंटागॉनने नाही, सिनाईतल्या शांतीसेनेने भाड्याने घेतलेलं. (कॅनडाच्या तपास बोर्डात कारणावरून 5 विरुद्ध 4 अशी फूट पडली, पंखांवरचा बर्फ की विमानात आग नाहीतर स्फोट, आणि पुढे ते बोर्डच गुंडाळलं.) 1986 मध्ये काँग्रेसने कायदा केला की सैनिक न्यायचे असतील तर त्या कंपनीला तशा सेवेचा किमान 12 महिन्यांचा अनुभव हवा, आणि लष्कराच्या माणसांनी स्वतः जाऊन कंपनीची तपासणी करायची. लायसन्स आहे ना, मग झालं, असं म्हणायची सोय राहिली नाही. माझ्या मते यातला कामाचा भाग हाच, बाकी सगळी कागदपत्रं.

तरी भोकं राहतातच. नोव्हेंबर 2004 मध्ये अफगाणिस्तानात अमेरिकन सैन्यासाठी उडणारं ब्लॅकवॉटर या खासगी सुरक्षा कंपनीच्या भावंड कंपनीचं छोटं विमान नेहमीचा मार्ग सोडून बंद दरीत शिरलं आणि डोंगराला धडकलं, सहाही जण गेले. त्यातला एक सैनिक धडकेनंतर काही तास जिवंत होता. विमान नेमकं कुठे आहे यावर कोणी नीट नजर ठेवतच नव्हतं, त्यामुळे शोध घ्यायलाच उशीर झाला. अमेरिकेच्या एनटीएसबीने (अपघातांची चौकशी करणारी सरकारी संस्था) रिपोर्टात पायलट आणि कंपनीबरोबर एफएए (नागरी विमान वाहतुकीचे नियम बघणारं सरकारी खातं) आणि संरक्षण खातं दोघांचंही नाव घातलं, की तुमचं त्या देशात प्रत्यक्ष लक्षच नव्हतं. एनटीएसबी ना लष्कराच्या हाताखाली आहे ना एफएएच्या, म्हणून हे दोन वर्षांत छापून आलं, स्पेनला तेच कबूल करायला तेरा वर्षं लागली.