वाचकांचे प्रश्न : निदर्शन घटनाबाह्य असते का?

प्रश्न : माझी मुलगी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. शुल्कवाढीविरुद्ध दसरा चौकात झालेल्या निदर्शनांना ती मैत्रिणींसह गेली होती. माझे वडील तिला म्हणाले, ‘खुद्द बाबासाहेबांनीच स्वातंत्र्यानंतर सत्याग्रह सोडून द्यायला सांगितले होते, तुमचे हे सारे घटनाबाह्य आहे.’ त्यांचे म्हणणे बरोबर आहे का?
— एक पालक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : आजोबांचे वाचन पक्के आहे, निष्कर्ष मात्र घाईचा आहे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना डॉ. आंबेडकरांनी कायदेभंग, असहकार आणि सत्याग्रह हे मार्ग आता सोडले पाहिजेत असे सांगितले आणि सनदशीर मार्ग खुले असताना त्यांचा अवलंब करणे म्हणजे अराजकाचे व्याकरण होय, असे बजावले. सनदशीर मार्गच उरला नव्हता तेव्हा त्यांचे समर्थन करता येत होते, हेही त्याच भाषणात आहे. आपण निदर्शन, मोर्चा, रास्ता रोको आणि कायदेभंग या सगळ्यांना ‘आंदोलन’ म्हणून एकाच पोत्यात भरतो, तिथे घोटाळा होतो. दुसऱ्याच दिवशी त्याच सभेने स्वीकारलेल्या संविधानाच्या अनुच्छेद १९ मध्ये, भाषणस्वातंत्र्याच्या शेजारीच, शांततेने आणि विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क नागरिकांना दिलेला आहे. तेव्हा शांततापूर्ण निदर्शन हा स्वतःच एक सनदशीर मार्ग ठरतो. जाता जाता आजोबांना हेही सांगावे की, २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले गेले तेव्हा कोणताही कायदा मोडला गेला नव्हता. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करणारा मुंबई विधिमंडळातील १९२३ चा बोले ठराव आणि त्यानंतरचा महाड नगरपालिकेचा ठराव यांनी ते तळे कागदोपत्री आधीच खुले केले होते.

हा हक्क अमर्याद नाही. देशाची सार्वभौमता व एकात्मता आणि सार्वजनिक सुव्यवस्था यांसाठी त्यावर वाजवी निर्बंध घालता येतात. सार्वजनिक रस्त्यावरील सभांचे नियमन पोलिसांनी करावे, पण त्यांवर सरसकट बंदी घालता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या हिम्मतलाल शहा प्रकरणात १९७२ मध्ये स्पष्ट केले. २०१८ मध्ये दिल्लीतील जंतर मंतर येथील निदर्शनांवरची संपूर्ण बंदीही त्याच न्यायालयात टिकली नाही. दिल्लीतील शाहीन बाग येथे रस्त्यावर चाललेल्या ठिय्या आंदोलनासंबंधीच्या २०२० च्या निकालाने मात्र सार्वजनिक रस्ता अनिश्चित काळ अडवून धरता येणार नाही, असे ठरवले. मला हा निकाल मान्य आहे. तरीही ज्यांच्याविरुद्ध घोषणा द्यायच्या त्यांच्या कानावर त्या जाणारच नाहीत इतकी लांबची जागा नेमून देणे, हे नियमनाच्या नावाखाली केलेले गप्प बसवणेच आहे.

मुलीने एक काळजी जरूर घ्यावी. जमावबंदीचा आदेश लागू असेल, तर तो मुळातून वाचावा. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७(३) खालील आदेश राज्य शासनाच्या मंजुरीशिवाय पंधरा दिवसांपेक्षा अधिक काळ चालत नाही, म्हणून त्यावरील तारखा पाहाव्यात आणि परवानगीचा अर्ज लेखी देऊन त्याची पोच घ्यावी. आदेश मोडूनच जायचे असे कोणी ठरवले, तर गुन्हा दाखल होईल हे धरून चालावे. त्यावर मागाहून आश्चर्य व्यक्त करण्यात अर्थ नाही.

प्रश्न : प्रवेशाच्या वेळी आमच्या महाविद्यालयाने ‘कोणत्याही आंदोलनात भाग घेणार नाही’ असे हमीपत्र लिहून घेतले. ते बंधनकारक आहे का?
— एक विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : मूलभूत हक्क लिहून देऊन सोडता येत नाहीत. मुंबईतील पदपथवासीयांनी आपण तिथे झोपड्या बांधण्याचा मूलभूत हक्क सांगत नाही, असे उच्च न्यायालयात कबूल केले होते. ओल्गा टेलिस प्रकरणात १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संविधानाने दिलेल्या हक्कांच्या आड अशी कबुली येत नाही, असे म्हटले. मात्र खासगी व्यवस्थापनाच्या संस्थेविरुद्ध मूलभूत हक्काचा दावा कितपत चालेल, हे त्या संस्थेच्या स्वरूपावर अवलंबून राहते. तसेच वर्ग बंद पाडणे किंवा आवारात मोडतोड करणे यांसाठी शिस्तभंगाची कारवाई हमीपत्र नसतानाही होऊ शकते. चौकात सुटीच्या दिवशी फलक घेऊन उभे राहिल्याबद्दल नोटीस आली, तर ती नेमक्या कोणत्या नियमाखाली दिली आहे, अशी लेखी विचारणा करावी आणि उत्तर देण्यापूर्वी हमीपत्राची प्रत मागून घ्यावी.