फ्रेमवर्कला स्वतःचा लोगो आणि ठळक ओळख कशासाठी हवी?

तुमचे म्हणणे असे की, फ्रेमवर्क, म्हणजे सॉफ्टवेअर उभारण्यासाठीचा तयार सांगाडा, वापरणारे सगळे प्रोग्रामर असतात आणि ते कोड पाहून निर्णय घेतात, मग लोगो, ठरावीक रंग आणि नावाची मांडणी यांवर वेळ कशाला घालवायचा? मीही बरीच वर्षे याच मताचा होतो. परंतु कोड उघडून वाचण्याची पाळी फार उशिरा येते. त्याआधी ते नाव व्याख्यानातल्या स्लाइडवर, नोकरीच्या जाहिरातीत किंवा कोणाच्या लॅपटॉपवरच्या स्टिकरवर दोन-चारदा दिसलेले असावे लागते, आणि पुन्हा दिसल्यावर ‘हे तेच’ असे चटकन कळावे लागते. लोगोचे मूळ काम एवढेच आहे; तो देखणा असला तर उत्तमच.

ओळखीची सरमिसळ झाली की काय होते, हे वेबसाइट बांधण्याच्या अँग्युलर या फ्रेमवर्कच्या बाबतीत दिसले. 2010 मध्ये आलेले अँग्युलरजेएस आणि 2016 मध्ये नव्याने लिहून काढलेले अँग्युलर 2 ही आतून दोन वेगळी फ्रेमवर्क होती, पण नाव जवळपास तेच राहिले आणि खूणही तीच, लाल ढालीवरचे ‘ए’ अक्षर. यादीतल्या नोंदी पडद्यावर कशा दाखवायच्या, एवढे साधे शोधायला गेलेल्या नवशिक्यापुढे जुन्यातली एनजी-रिपीट ही सूचना येई; त्याच्या प्रकल्पाला मात्र त्याच कामाची नवी एनजी-फॉर हवी असे, आणि आपले चुकते कुठे हेच त्याला उमगत नसे. शेवटी ‘जेएस’ जोडलेले ते जुने आणि नुसते अँग्युलर ते नवे, असा संकेत ठरवून द्यावा लागला. 2023 मध्ये सतराव्या आवृत्तीसोबत तो सपाट लाल रंग जाऊन गुलाबी-जांभळ्या छटांची नवी खूण आली.

दुसरा मुद्दा मालकीचा आहे, आणि माझ्या मते तोच अधिक महत्त्वाचा. मुक्त स्रोताचा कोड कोणीही घेऊन बदलू शकतो. त्यामुळे अधिकृत प्रत कोणती हे सांगण्याची जबाबदारी नावावर आणि चिन्हावर येऊन पडते. उदाहरण ब्राउझरचे आहे, पण लागू पडते. फायरफॉक्सचा लोगो मुक्त परवान्याखाली नसल्यामुळे डेबियन या लिनक्स-आधारित कार्यप्रणालीने तो वगळला, तेव्हा लोगोशिवाय नावही वापरता येणार नाही अशी भूमिका फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने घेतली, आणि 2006 पासून 2016 पर्यंत डेबियनवर तोच ब्राउझर आइसवीझल या नावाने वावरला. पर्ल या प्रोग्रामिंग भाषेची गत आणखी वेगळी: तिचा सर्वपरिचित उंट आला ओरायली या प्रकाशनसंस्थेच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावरून, आणि त्याचा ट्रेडमार्कही त्या संस्थेचाच. पर्ल फाउंडेशनने स्वतःसाठी कांदा निवडला.

जागा रिकामी ठेवली तर ती दुसरे कोणीतरी भरते. जावास्क्रिप्ट या वेबच्या प्रोग्रामिंग भाषेला अधिकृत लोगो नव्हता. 2011 मध्ये एका परिषदेसाठी केलेला पिवळा चौकोन आज सर्रास तिचा लोगो म्हणून वापरला जातो. तो सुदैवाने चांगला निघाला, एवढेच.

मात्र सगळेच कुलूपबंद करू नये. गो या प्रोग्रामिंग भाषेचे शुभचिन्ह असलेला गोफर (बिळात राहणारा उंदरासारखा प्राणी) रेने फ्रेंच यांनी काढला आणि श्रेय देण्याच्या अटीवर तो सर्वांना खुला आहे, म्हणून जगभरचे लोक आपापल्या वेषातले गोफर काढत असतात. रस्ट या भाषेत दातेरी चाकाचा लोगो ट्रेडमार्कखाली आहे, तर फेरिस हा शुभचिन्हाचा खेकडा अनधिकृत आणि मोकळा. असे दोन थर, एक जपून ठेवलेला आणि एक लोकांना खेळायला दिलेला, मला सर्वांत शहाणपणाचे वाटतात.

तुमच्याकडे एकच मोकळा आठवडा असेल, तर तो दस्तऐवजीकरणाला, म्हणजे वापराची माहिती लिहिण्याला, द्या. अपुऱ्या माहितीवर लोगोचा उतारा नाही. पण नाव आणि साधे चिन्ह पहिल्या आवृत्तीपूर्वी ठरवा, कारण नंतर बदलताना जुने लेख, चित्रफिती आणि स्टिकर मागे उरतात. मी एका छोट्या कोड-लायब्ररीसाठी (तयार कोडच्या संचासाठी) पहिला लोगो केला, तेव्हा तीन बारीक रेषांची वीण मोठ्या पडद्यावर सुरेख दिसत होती. ब्राउझरच्या टॅबमध्ये 16 पिक्सेलवर तिचा राखाडी डाग झाला. म्हणून आधी त्या आकारात आणि एकाच रंगात पाहून घ्या. मग एसव्हीजी फाइल (कितीही मोठी केली तरी न फाटणारे चित्र) आणि वापराचे चार ओळींचे नियम रिपॉझिटरीतच, म्हणजे कोड ठेवलेल्या जागीच, ठेवा; फाइल सहज मिळाली नाही, तर लोक स्क्रीनशॉटमधून लोगो कापून घेतात आणि पुढे तीच धूसर प्रत फिरत राहते.