दोन मॉनिटरवर एकच चित्र, आणि खुर्चीवरून उठताच अंधार

प्रश्न : मी घरूनच जीएसटी आणि हिशेबाची कामे करते. लॅपटॉपला एचडीएमआय पोर्ट एकच असल्याने एम. जी. रोडवरून स्प्लिटर आणून दोन मॉनिटर जोडले, पण दोन्हींवर एकच चित्र दिसते. शिवाय डिसेंबरपासून मी खुर्चीवरून उठले की उजवीकडचा मॉनिटर दोन-तीन सेकंद काळा पडतो. दुकानदार मॉनिटर बदलायला सांगतात. काय करावे?
— एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : मॉनिटर बदलण्याची घाई करू नये. पहिल्या तक्रारीत बिघाड असा नाहीच. स्प्लिटर एकाच सिग्नलच्या दोन प्रती काढतो आणि पलीकडे दोन मॉनिटर आहेत हे लॅपटॉपला कळतही नाही, त्यामुळे विंडोज व पी ही बटणे एकत्र दाबून ‘एक्स्टेंड’ निवडले तरी त्या दोघांचे चित्र वेगळे होणार नाही. दुसऱ्या मॉनिटरला स्वतंत्र वाट हवी. लॅपटॉपला यूएसबी-सी पोर्ट असेल, तर त्याच्याशेजारी डी आणि पी ही अक्षरे गुंफलेले बारीक चिन्ह आहे का ते पाहावे. असल्यास यूएसबी-सी ते एचडीएमआय कन्व्हर्टर पुरेल. चिन्ह नसले तरी काही पोर्टमधून चित्र जाते, म्हणून मॉडेलची माहितीपत्रिका वाचल्याशिवाय खरेदी करू नये. तिथे ‘डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड’चा, म्हणजे यूएसबी-सी पोर्टमधून चित्र पाठवण्याच्या सोयीचा, उल्लेख हवा. तो नसेल, तर साध्या यूएसबीवर चालणारा डिस्प्लेलिंक अडॅप्टर घ्यावा. तो प्रोसेसरवर थोडा भार टाकतो, पण एक्सेलच्या तक्त्यांना त्याचा त्रास होत नाही.

दुसरी तक्रार ऐकायला भुताटकीची वाटते, परंतु ती खरी असू शकते. गॅसवर वर-खाली होणाऱ्या खुर्चीतून उठताना स्थिर विजेचा लहानसा झटका निर्माण होतो, आणि तो व्हिडिओ केबलने पकडला की मॉनिटरचा सिग्नल क्षणभर तुटतो. नाशिकच्या कोरड्या थंडीत ही वीज अधिक साचते, त्यामुळे डिसेंबरपासूनच त्रास सुरू झाला यात नवल नाही. खात्रीसाठी दोन्ही मॉनिटरच्या केबलींची अदलाबदल करावी. काळोख केबलीबरोबर डावीकडे गेला, तर दोष केबलीचा. मग आखूड, चांगल्या शील्डिंगची (बाहेरचा विद्युत अडथळा रोखणाऱ्या आवरणाची) आणि टोकाजवळ फेराइटचा गोळा (असा अडथळा शोषणारा जाडसर भाग) असलेली केबल घ्यावी. तो उजवीकडेच राहिला, तर आठवडाभर लाकडी खुर्चीवर बसून पाहावे, आणि तरीही पडदा काळा पडत असेल तरच मॉनिटर दुरुस्तीला न्यावा.