दगडी कोळशातला 'दगड'

नांदेडच्या एका वाचकानं विचारलंय : कोळसा जमिनीतून खणून काढतात, म्हणजे तो दगडच. मग आजोबा 'दगडी कोळसा' असं दुहेरी का म्हणायचे? आणि 'खाण' म्हणावं की 'खदान'?

दुहेरी ते आज वाटतं. जुन्या मराठीत नुसता कोळसा म्हणजे लाकूड जाळून केलेला. लोणाऱ्यांनी भट्ट्या लावायच्या, लोहार-सोनारांनी तो न्यायचा. 'कोळसा उगाळावा तितका काळाच' या म्हणीतला कोळसाही तोच. खाणीतला माल मागाहून आला, म्हणून त्याच्यापुढं विशेषण लागलं.

मराठवाड्याच्या पोटात हा कोळसा नाही. आपल्याकडं खाली बहुतेक काळा पाषाण. पण आपलीच गोदावरी बासरवरून तेलंगणात उतरली, की पुढं तिच्या खोऱ्यात कोळसा लागतो. १९५६ पर्यंत तो मुलूख आणि मराठवाडा एकाच हैदराबाद राज्यात होते, हे आता फारसं कुणाच्या लक्षात नसतं. तिकडं एक गोष्ट सांगतात : भद्राचलमला निघालेल्या यात्रेकरूंनी येल्लंदूजवळ काळे दगड मांडून चूल केली, तर चुलीचे दगडच पेटले! गोष्ट खरी-खोटी कशीही असो, 'दगडी' हे नाव कसं सुचतं ते तिच्यातून नेमकं कळतं. कागदोपत्री शोध भूगर्भ खात्याच्या विल्यम किंग यांचा, १८७१ चा. खाणींचे हक्क १८८६ मध्ये हैदराबाद (डेक्कन) कंपनीकडं गेले आणि त्या व्यवहारावरून एवढा गदारोळ झाला, की १८८८ साली लंडनच्या संसदेत चौकशी समिती बसली. कोळसा मात्र १८८९ पासून निघायला लागला. पुढं १९२० मध्ये कंपनीनं तिथल्याच सिंगरेणी गावाचं नाव घेतलं. कारभार नंतर कोत्तागुडेमला गेला, तरी नाव सिंगरेणीच.

१९०० च्या सुमारास मनमाड-सिकंदराबाद मीटरगेज सुरू झाली. वाफेची इंजिनं औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड अशी धावू लागली आणि चुलीतल्या कोळशाहून वेगळा, जड, चकाकणारा कोळसा लोकांच्या नजरेला पडू लागला.

शेजाऱ्यांनीही हेच केलं. कन्नडमध्ये 'कल्लिद्दलु' : कल्लु म्हणजे दगड, इद्दलु म्हणजे कोळसा. हिंदीत 'पत्थर का कोयला'. तेलुगूत कोळशाला 'बोग्गु' म्हणतात, आणि खाणीतल्याला 'राक्षसी बोग्गु'! आपण दगडावर थांबलो, त्यांनी थेट राक्षस गाठला. मला तरी तेलुगूचं नाव जास्त आवडतं.

आता पारडं फिरलंय. 'परळीच्या थर्मलला कोळसा कमी पडला' या वाक्यात 'दगडी' कुणी घालत नाही. उलट शेगडीसाठी घ्यायचा असेल तर दुकानात 'लाकडी कोळसा द्या' असं सांगावं लागतं. तेव्हा तुमच्या आजोबांचं चुकत नव्हतं, त्यांच्या काळात विशेषण दुसऱ्या बाजूला होतं एवढंच.

राहिलं खाण-खदान. 'खाण' संस्कृत 'खनि'वरून. रामगुंडमशेजारच्या गोदावरीखनी या कोळशाच्या गावाच्या नावात ती जशीच्या तशी आहे. 'खदान' आपल्याकडं दगड-मुरमाची, क्रशर शेजारी असलेली. चंद्रपूर-वणीकडं मात्र कोळशाचीही खदानच म्हणतात. लिहिताना 'कोळशाची खाण' लिहा. बोलताना वणीच्या पाहुण्याला टोकू नका.